आमच्या घरमालकांची राज्यक्रांती

कोल्हापुरात राजेशाहीविरुद्ध बोलणारा माणूस दिवा घेऊन शोधला तरी सापडायचा नाही, अशी पैज कुणी लावत असेल तर त्याला आधीच सावध करा. तो माणूस राजारामपुरीत आमच्याच घराच्या वरच्या मजल्यावर राहतो आणि आम्ही त्याचे भाडेकरू आहोत. आमचे घरमालक हे जगातल्या यच्चयावत राजांचे जन्मजात वैरी. पेशानं इतिहासाचे मास्तर. निवृत्त होऊन जमाना झाला, पण फ्रान्सचा राजा काही अजून त्यांच्या तावडीतून सुटलेला नाही. दूध का नासलं, नळाला पाणी का आलं नाही, शाहूपुरीची बस का चुकली, काहीही विचारा. सर आधी कारणं सांगणार, मग परिणाम. शाळेत मी त्यांच्याच हाताखालून गेलेलो. त्यामुळं जिन्यात गाठून त्यांनी "सांग बघू, क्रांती का होते?" असं विचारलं की माझ्या तोंडून आपसूक "सामाजिक, आर्थिक आणि राजकीय कारणांमुळे" असं बाहेर पडतं, आणि हातातली दुधाची पिशवी गळत राहते.

सरांचं दुर्दैव एवढंच, की हा धडा त्यांना आयुष्यभर कोल्हापूरच्या पोरांना शिकवावा लागला. आमच्याकडं राजा म्हटलं की हात आपोआप जोडले जातात. सर तिकडं पॅरिसच्या तुरुंगाचे दरवाजे फोडायचे, आवेशात डस्टर खिडकीबाहेर जायचं, आणि इकडं अख्खा वर्ग राजाच्या बाजूनं डोळ्यांत पाणी आणून बसलेला. एकदा मागच्या बाकावरचा एक जण उभा राहून म्हणाला, "सर, त्यो राजा 'चुकलो' म्हटला असता तर सोडला असता का न्हाय वो त्येला?" सरांनी कपाळावर हात मारला. "अरे, राजे कधी चुकलो म्हणत नसतात! म्हणून तर क्रांत्या होतात!" वर्गाला हे मुळीच पटलं नाही, आणि त्या वर्षी निम्म्या पोरांनी क्रांतीचं मुख्य कारण 'गैरसमज' असं लिहिलं.

आता गंमत बघा. ज्या माणसानं बाहेर सगळ्या राजांना सळो की पळो करून सोडलं, त्याच्या घरात मात्र अनियंत्रित राजसत्ता. काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, गडहिंग्लजच्या. उंचीनं बेताच्या, पण आवाज असा की वरच्या मजल्यावरून "कोण हाय?" म्हटलं तर रस्त्यावरचा रिक्षावाला "मी न्हाय!" म्हणायचा. चपला उंबऱ्याबाहेर, चहात एकच चमचा साखर, भडंग खायचं तर गॅलरीत, आणि चटणीच्या बरणीत हात फक्त काकूंचा. चटणी म्हणजे ताटात डावीकडं वाढतात ती नव्हे हो. उन्हाळ्यात वर्षभराची कुटून ठेवतात ती कांदा-लसणाची लाल चटणी. तिच्यावाचून आमच्याकडं चूल पेटत नाही. काकूंची मिरची माहेराहून यायची, माप त्यांच्या मुठीत असायचं, आणि बरणी त्यांच्या पलंगाखाली. बुधवारी आणि रविवारी रश्शाचं पातेलं खाली आमच्याकडंही यायचं. भाडेकरू असलो तरी आम्ही प्रजाच.

त्यातच डॉक्टरांनी सरांना तिखट-मीठ कमी करा म्हणून सांगितलं, आणि काकूंनी फर्मान काढलं. पथ्य एकट्या राजबंद्याला नव्हे, सगळ्या राज्याला. रस्सा दर आठवड्याला फिकट होत चालला. शेवटी शेवटी तर तांबडा कुठला आणि पांढरा कुठला, हे वाटी नाकाला लावून ओळखायची पाळी आली. "जनतेचा असंतोष," सर माझ्या कानाशी कुजबुजले, "हे पहिलं कारण." त्यांचा मुलगा आणि सून आतून फितूर झाली. आमची ही तर पहिल्यापासूनच बंडखोर. मग एका रविवारी सर जिन्याच्या मधल्या पायरीवर उभे राहिले आणि त्यांनी खणखणीत आवाजात जाहीर केलं, "या घरात आजपासून प्रत्येकाला मत आणि प्रत्येकाला चटणी!" आम्ही खालून "विजय असो!" म्हणून ओरडलो. काकू हातातल्या उलथन्यासकट बाहेर आल्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, आत गेल्या, बरणी आणली आणि सरांच्या हातात ठेवली. "घ्या. आजपास्नं तुमचं राज. रांधा आन् खावा." आणि जाऊन टीव्हीपुढं बसल्या.

पुढं जे झालं ते कुठल्याही पुस्तकात नाही. मटण पातेल्यात, आणि आमची सभा सुरू. सरांना चटणी भरपूर हवी, सुनेला बेताची, मुलगा तटस्थ. एकमत होईना म्हणून प्रत्येकानं आपापल्या हक्काचा चमचा घातला, आणि कुणी घातला, कुणी नाही, याचा हिशेब न राहिल्यामुळं पुन्हा एकेक घातला. रस्सा झाला तो असा, की पहिल्या घासाला सर "स्वातंत्र्य..." एवढंच म्हणू शकले. नंतर नुसतं नाक. संध्याकाळी सगळं प्रजासत्ताक काकूंपुढं रांगेत उभं. सर सगळ्यांत पुढं, दोन्ही हातांत बरणी. काकूंनी मान वर न करता विचारलं, "भागली हौस?" आणि दहीभाताचं पातेलं पुढं सरकवलं. तो त्यांनी दुपारीच करून ठेवला होता. "याला पुनर्स्थापना म्हणतात," मला जिन्यापर्यंत सोडताना सर म्हणाले, "क्रांतीचा हाही एक परिणाम असतो." पण काय सांगू, इतकं खूश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. त्यानंतरही दर पंधरवड्याला ते बारीकसारीक बंडं करायचे, बरणीत चोरून बोट घालायचे, काकू हातावर चापट मारायच्या, आणि सर शहीद झाल्यासारखा चेहरा करून गॅलरीत भडंग खात बसायचे.

दोन-एक वर्षांमागं, एका दुपारी, सर खाली आले आणि माझ्या खुर्चीत बसले. बोटं चटणीनं लाल. मी म्हटलं, "काय सर, पुन्हा उठाव?" ते बोटांकडं बघत राहिले. "अरे, तिच्यादेखत बरणीत हात घातला. ती म्हणाली, 'घ्या की, तुमचंच हाय.'" आणि मग हळूच, "रागावली नाही रे ती." पुढं एकेक उमगत गेलं. काकू गॅस सुरू ठेवून विसरायच्या, सुनेला बहिणीच्या नावानं हाका मारायच्या. डॉक्टरांनी त्या दुखण्याला काय ते नाव दिलं. सर ते उच्चारत नाहीत. विचारलं तर म्हणतात, "सिंहासन रिकामं झालंय."

मग सुरू झाली सरांची खरी क्रांती. ते स्वयंपाकघरात चपला घालून फिरायला लागले. काकूंसमोर चहात चमच्यावर चमचा साखर घालायचे आणि तिरक्या नजरेनं बघायचे. पलंगावर बसून भडंग सांडायचे, मुद्दाम, मूठ मूठ. सून बिचारी झाडून झाडून थकली. काकू प्रत्येक वेळी गोड हसायच्या आणि म्हणायच्या, "असू द्या." आयुष्यभर ज्या दोन शब्दांसाठी हा माणूस लढला, ते आता त्याला दिवसातून पन्नास वेळा ऐकायला मिळत होते. एकदा मला म्हणाले, "मी रोज चुकलो म्हणतो रे. पण ऐकायला राज्यावर कुणी आहे कुठं?" शेवटी त्यांनी चपला उंबऱ्याबाहेर काढून ठेवल्या आणि खोड्या बंद केल्या.

यंदाच्या उन्हाळ्यात बरणीचा तळ दिसला. सून म्हणाली, विकतची आणू. सर म्हणाले, "या घरात नाही." गडहिंग्लजहून मिरची मागवली, गच्चीवर वाळवली, देठं आम्ही सगळ्यांनी खुडली. मापाचं विचारलं की काकू म्हणायच्या, "घाला तुमास्नी वाटंल तेवढं." अखेर अंदाजानंच सगळं डब्यांत भरून आम्ही डंकावर गेलो. मिरची कुटायच्या गिरणीला आमच्याकडं डंक म्हणतात. तिथं शिरलेला माणूस शिंकल्याशिवाय बाहेर येत नाही. काकूंनाही बरोबर नेलं होतं. त्या नाकाला पदर लावून स्टुलावर गप्प बसल्या होत्या. सर मनापासून, जीव ओतून करत होते. या खेपेला खोडी नव्हती. मिरची, मसाला कुटून झाला आणि त्यांनी मिठाची मूठ उचलली.

तेवढ्यात त्यांचं मनगट कुणीतरी धरलं. "अवं! मीठ आत्ताच? आधी कांदा-लसूण जाऊ दे की!" काकू उभ्या होत्या. तोच आवाज, तेच डोळे. "जनमभर पोरांस्नी शिकिवलं, आन् एवढंबी कळंना व्हय तुमास्नी? घरी चला, मग बघते तुमच्याकडं!" डंकावरच्या बायका हसायला लागल्या. सर मात्र ताठ उभे राहिले आणि सगळ्यांदेखत मोठ्यानं म्हणाले, "चुकलो!" त्यांच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. डंकावर सगळ्यांच्याच लागतात, म्हणून कुणाचं लक्ष गेलं नाही.

परतताना रिक्षात काकूंनी विचारलं, "कुठं चाललोय वो आपण?" सर म्हणाले, "घरी." मी डबा घेऊन वर गेलो. काकू खिडकीशी बसल्या होत्या. माझ्याकडं बघून हसल्या. "बसा की पावणं, च्या घ्या." इतकी वर्षं त्यांच्या हातचा रस्सा खाऊन मी पावणा झालो होतो. सर स्वयंपाकघरात पाटावर बसले होते, मांडी घालून, हात जोडून, वर्गाबाहेर काढलेल्या पोरासारखे. मी म्हटलं, "सर, दमलात. जरा आडवे व्हा."

"नको," ते म्हणाले. "ती म्हणालीय, घरी चला, मग बघते. बसतो मी."