उजवीकडची रिकामी जागा

आमच्या भोसरीच्या वर्कशॉपमध्ये जहीरभाईंनी सत्तावीस वर्षं लाकडातून गाड्यांच्या भागांचे साचे कोरले. यंदा मात्र ते तीन आठवडे डॉल्फिनच्या पिल्लाचं मूत्रपिंड कोरत होते. कोकणच्या किनाऱ्यावर मेलेलं पिल्लू सापडलं होतं आणि पशुवैद्यकीय कॉलेजला त्याच्या पोटाचं मॉडेल हवं होतं. डॉल्फिनचं मूत्रपिंड म्हणजे शेकडो गोळ्यांचा द्राक्षासारखा घड. त्यांनी एकेक गोळी हातानं काढली, तीही फक्त डावीकडे. उजवं मूत्रपिंड त्या पिल्लाला जन्मतःच नव्हतं आणि तेच तर विद्यार्थ्यांना दाखवायचं होतं.

लेकीच्या, जास्मिनच्या तपासण्यांसाठी ते दोन दिवस रजेवर गेले. इकडे तयार माल तपासायचं काम माझं, म्हणून मॉडेल तपासायला मी बसलो. आमच्याकडे गाडीचा दिवा असो की आरसा, डावा-उजवा जोडीनंच जातो. कॉलेजचं पत्र वाचायचे कष्ट मी घेतले नाहीत. सरळ नापास मालाचा लाल टॅग लावला: 'उजवा भाग नाही.' मालक जयसिंग माझ्याहून दीडशहाणे. त्यांनी कॉम्प्युटरवर डाव्याचा उजवा केला, थ्री-डी मशीनवर छापला, चिकटवला आणि वर रंगही मारला. अशा कामाला आम्ही फिनिशिंग म्हणतो. लाज वाटायला हवी.

जहीरभाई परतले. मॉडेलकडे बघत राहिले.

"हे कुणी लावलं?"

"आमीच," जयसिंग म्हणाले. "बरं दिसतंय की आता. कोण मोजायला बसलंय?"

"माझी पोरगी पाच वर्षांची होती, तेव्हा सोनोग्राफीवाल्यानं पण असंच केलं, शेठ. दोन असतातच म्हणून दोन्ही किडन्या नॉर्मल लिहून टाकल्या. त्या कागदावर विसंबून आम्ही चौदा वर्षं तिला दुखण्याच्या गोळ्या देत राहिलो. काल कळलं, तिला एकच आहे. आणि तीही त्या गोळ्यांनी आता निम्मीच चालते."

मला माझीच चीड आली. मोजायला मीच तर बसलो होतो, पगार त्याचाच घेतो.

जहीरभाईंनी करवत घेतली आणि ते उजवं मूत्रपिंड मुळापासून कापलं. खालची जागा घासून साफ केली. कापलेला तुकडा माझ्या टेबलावर ठेवला आणि कोरा लाल टॅग पुढे सरकवला.

"कारण लिही."

मी लिहिलं: 'जन्मतः नव्हतं. न बघता लावलं.' खाली माझी सही केली.