सतरा नंबरचे दोन ट्रक

माल चढवायच्या कट्ट्यासमोर दोन ट्रक नाकाला नाक लावून उभे होते. दोघांना केळीचे खुंट बांधलेले, दोघांच्या काचेवर हळदीकुंकू, आणि दोन्ही ड्रायव्हरांच्या हातात सतरा नंबरचं टोकन. मी ऑटोतून उतरले ती थेट या भांडणात. अंगावर रेशमी साडी, हातात फुलांची पिशवी. आयुधपूजेचा, म्हणजे आपल्या खंडेनवमीचा दिवस होता आणि मला कामाला नाही, प्रसादाला बोलावलं होतं.

"वैदेहीअक्का, आधी वर या!" जिन्यातून मालतीने हाक मारली.

मालती यशवंतपूरच्या या ट्रान्सपोर्ट कंपनीची सिस्टीम सांभाळते. मूळची निपाणीची, कामाला वाघ. कुठला ट्रक आधी लागणार, कुठल्या कट्ट्यावर लागणार, हे सगळं इथे कॉम्प्युटर ठरवतो. पूर्वी त्यासाठी एकच सर्व्हर होता आणि तो बसला की सगळा यार्ड बसायचा. दोन सर्व्हरचा क्लस्टर करा, म्हणून मालतीने मालकांच्या मागे भुणभुण लावली होती. तो क्लस्टर मी बसवून दिला. त्यात एक सर्व्हर काम करतो, दुसरा त्याच्यावर नजर ठेवून बसतो. पहिला गेला की दुसरा काम हातात घेतो.

पण पहिला गेला हे दुसऱ्याला कळतं कसं? माझी आई बसवनगुडीत राहते, मावशी राजाजीनगरात. दोघी एकेकट्या. रोज सकाळी एकमेकींना मिस्ड कॉल देतात. फोन उचलायचा नाही, बोलायचं नाही. वाजला म्हणजे समोरची ठीक आहे. नाही वाजला तर दुसरी लगेच ऑटो पकडून दारात हजर. सर्व्हरसुद्धा एकमेकांना असाच सतत 'मी आहे, मी आहे' असा निरोप पाठवत असतात. त्याला हार्टबीट म्हणतात.

आता फोन बिघडला आणि बाई ठणठणीत असली, तर? उगाच धावपळ. म्हणून आई आणि मावशी शेजाऱ्यांचेही नंबर ठेवून आहेत. मीही हार्टबीटला दोन वाटा दिल्या होत्या. दोन केबल, दोन वेगळे स्विच, म्हणजे केबल एकत्र जोडायचे डबे. डबे दोन वेगळ्या कपाटांत, आणि त्यांची वीजही दोन वेगळ्या यूपीएसवरून.

वर सर्व्हर रूममध्ये नुसता थाट होता. दारावर आंब्याचं तोरण, कपाटांना झेंडूच्या माळा, देवीच्या फोटोभोवती रंगीत दिव्यांची लखलख. मालक बसवराजअण्णा मध्यभागी उभे होते. अण्णा अथणीचे. मराठी आणि कन्नड दोन्हीत सारख्याच जोरात रागावतात.

"काय ओ अक्का, दोन-दोन मशिनं घ्यायला लावलात तुम्ही. एक होतं तवा एका नंबरला एकच ट्रक येत होता की!"

"स्वल्प थांबा अण्णा, बघते."

"मुहूर्त थांबतोय होय? पूजेनंतरची पहिली गाडी वेळेत सुटायला पाहिजे. नाही सुटली तर उद्यापासून आपली हातानं लिहिलेली टोकनं. आणि मालती, दिवाळी झाली की तू हुबळीचं गोडाऊन बघायचं."

मालतीचा चेहरा उतरला. तिची मुलगी इथल्या शाळेत आत्ता कुठे रुळली होती. मला अण्णांचा राग आला आणि मालतीची काळजी वाटली. पण सर्व्हरपुढे दोन्हींचा उपयोग नसतो. मी पदर खोचला आणि स्क्रीनपुढे बसले.

दोष लगेच दिसला. दोन्ही सर्व्हर धडधाकट होते आणि दोघेही स्वतःला मुख्य समजत होते. आमच्या धंद्यात याला स्प्लिट ब्रेन म्हणतात. हार्टबीट तुटल्यामुळे प्रत्येकाला वाटलं, दुसरा गेला, आता यार्ड माझा. पुढच्या गेटचा कॉम्प्युटर पहिल्याकडे नंबर मागत होता, मागच्या गेटचा दुसऱ्याकडे. सोळापर्यंत सगळं एकमताने चाललं होतं. सतरा दोघांनी आपापला दिला.

पण दोन्ही वाटा एकदम कशा तुटल्या? मी रेशमी साडीसकट कपाटामागे शिरले. दुसऱ्या कपाटातल्या स्विचवर हार्टबीटची केबलच नव्हती. दोन्ही केबल पहिल्याच स्विचमध्ये, छान एका पट्टीत बांधलेल्या. त्या स्विचचा दिवा बंद. त्याचा प्लग खाली लोंबत होता आणि त्याच्या जागी यूपीएसमध्ये देवीच्या दिव्यांची माळ लखलखत होती.

"ही रोषणाई कुणी केली?" मी आतूनच विचारलं.

"मी!" अण्णा अभिमानाने म्हणाले. "माझ्या हातानं. करंट गेला तरी देवीच्या दिव्यांनी विझायचं नाही, म्हणून यूपीएसला लावली. का ओ, चांगली दिसत नाही होय?"

मला इतकं हसू आलं की डोकं कपाटाला आपटलं. मी काही बोलायच्या आत मालती पुढे आली.

"अण्णा, केबल मी हलवली. पूजेच्या फोटोत वायरी लोंबताना दिसू नयेत म्हणालात, म्हणून सफाई करताना दोन्ही एकाच स्विचला लावल्या. चूक माझी."

अण्णांनी माळेकडे पाहिलं, प्लगकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिने केबल हलवली नसती, तर अण्णांच्या प्लगने काही बिघडलं नसतं. अण्णांनी प्लग काढला नसता, तर तिच्या केबलने आज तरी काही बिघडलं नसतं. हे मी दोघांना समजेल अशा शब्दांत सांगितलं. अण्णा स्वतःच खाली वाकले.

"मग लावतो की परत."

"हात लावू नका!" मी जवळजवळ ओरडलेच. "दोघंही मालक होऊन बसलेत. आत्ता जोडले तर कुणाचा हिशेब खरा यावरून जुंपेल. आधी एकाला खाली बसवायचं."

मागच्या गेटवर मोजकेच ट्रक आले होते, म्हणून तिकडचा सर्व्हर थांबवला. त्या ट्रकांचे नंबर मालतीने पहिल्या सर्व्हरवर नव्याने काढले. ड्रायव्हर कुरकुरले, तेव्हा अण्णा कडलेपुरीची परात घेऊन स्वतः खाली गेले. मूठमूठ चुरमुरे आणि डाळं हातात पडल्यावर सतरा नंबरवाला एक जण हसत चोवीस व्हायला तयार झाला. तोवर मी एक केबल दुसऱ्या कपाटात परत नेली आणि माळ भिंतीतल्या साध्या सॉकेटला लावली. बंद स्विचचा प्लग यूपीएसला परत लावून तो सुरू केला. मग थांबवलेला सर्व्हर उठवला. त्याने पहिल्याकडून सगळे आकडे घेतले आणि मुकाट्याने नजर ठेवायला बसला.

"सरी झालं? ठीक?" अण्णांनी विचारलं.

"झालं. आता तो प्लग परत काढा."

"आँ?"

"काढा. मी सांगते."

अण्णांनी देवीला हात जोडले आणि प्लग ओढला. मालतीने डोळे मिटून घेतले. स्क्रीनवर एक पिवळी सूचना आली, एक वाट बंद. बाकी ढिम्म. खालून पुढचा नंबर पुकारल्याचा आवाज आला, मग मागच्या गेटवरून त्याच्या पुढचा. मालतीने डोळे उघडले आणि मला मिठीच मारली. माझ्या साडीची तोवर अशीही वाट लागली होती.

मुहूर्तावर कोहळा फुटला, चाकाखाली लिंबं चिरडली आणि सतरा नंबरचा एकुलता एक ट्रक हॉर्न वाजवत सुटला. हुबळीचं नाव अण्णांनी पुन्हा काढलं नाही. आता पाहुणे आले की तेच सर्व्हर रूम दाखवतात. "ह्यो एक हार्टबीट, त्यो दुसरा. जवळ आणायचे नाहीत," असं कपाटांकडे बोट करून बजावतात. दर आयुधपूजेला दोन्ही स्विचवर एकेक झेंडू ठेवतात, आणि मालतीला विचारल्याशिवाय माळ लावत नाहीत.

मीही एक सवय लावून घेतली. कुठल्याही साइटवर गेले की केबल किती आहेत ते नंतर बघते. आधी त्या कुठल्या प्लगपाशी जाऊन मिळतात ते बघते. आणि सणाच्या दिवशी गेले, तर रोषणाई कुणी केली ते विचारते. बहुतेक ठिकाणी मालकांनीच केलेली असते.