अर्डिसचा कोपरा

व्हर्लिन स्कारशॉग माझ्या रसायनशास्त्राच्या वर्गात दोनदा नापास झाला आणि दोन्ही वेळा निकाल ऐकून म्हणाला, "बरं, बाई." रडणं नाही, कुरकुर नाही. त्या गोष्टीला आता सेहेचाळीस वर्षं झाली. त्याच्याकडे या शब्दापलीकडे फारसं काही आहे, असं मला तरी कधी आढळलं नाही. मूल होणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा बरं. गुडघा बदलायला लागेल म्हणाले तेव्हा बरं. नोव्हेंबरात त्याची बायको अर्डिस गेली, तेव्हा चर्चच्या दारात हात मागे बांधून तो येणाऱ्या प्रत्येकाला तेच म्हणत होता.

तो गेलन ब्रॅन्सगार्डकडे पशुखाद्याचा ट्रक चालवतो. गेलनच्या डुकरांच्या अकरा शेड आहेत, आणि आमच्या काउंटीत माणसांपेक्षा डुकरं कितीतरी जास्त आहेत, आणि त्यांची सगळी घाण शेवटी जमिनीतच मुरते. पहाटे साडेपाचला निघायचं, शेडच्या टाक्या भरायच्या, दुपारी घरी येऊन अंगाचा वास जाईपर्यंत अंघोळ करायची. अर्डिस शाळेच्या स्वयंपाकघराची मुख्य होती. तीस वर्षं या गावातलं प्रत्येक पोर तिच्या हातचं जेवलं. बारीक, चष्मेवाली, हिशेबी बाई. कुणाला दुसऱ्यांदा वाढलं तर तेही तिच्या लक्षात असायचं.

ही बाई आयुष्यात कधी राजकारणात पडली नव्हती. पण त्या उन्हाळ्यात विनिफ्रेड ओडेल नावाची उमेदवार राज्याच्या जत्रेत आली. पश्चिमेकडची माजी न्यायाधीश, राष्ट्राध्यक्ष व्हायला निघालेली. डुकरांच्या प्रदर्शनासमोरच उभी राहून तिनं सांगितलं, "या राज्यातल्या विहिरींचं पाणी डुकरालासुद्धा देऊ नये." निम्मे लोक टाळ्या वाजवत राहिले, निम्मे उठून गेले. आमच्या गावात त्या वाक्यावरून भावाभावांनी बोलणं टाकलं. देशभरच्या चाचण्यांत तिला शंभरात दोघं. टीव्हीवरचे पंडित तिचं नाव शेवटी घ्यायचे, तेही हसून.

अर्डिसही काही खुळी नव्हती. ओडेलबाई राष्ट्राध्यक्ष होणार नाही हे तिला पक्कं माहीत होतं. आमच्या मतदान केंद्रातून पक्षाच्या जिल्हा संमेलनाला पाच प्रतिनिधी जातात. त्यातला एक ओडेलबाईचा व्हावा, एवढंच तिला हवं होतं. "एक, बाई," ती मला म्हणाली. "एक झाला तर कुठेतरी कागदावर लागेल, की या गावात पाण्याबद्दल कुणीतरी बोललं होतं."

ऑगस्टात तिला स्वादुपिंडाचा कर्करोग निघाला. सप्टेंबरात ती डोक्याला रुमाल बांधून घरोघर फिरायला लागली, हातात छापील कार्डं घेऊन. 'फेब्रुवारीत मी ओडेल यांच्या बाजूनं उभा राहीन', खाली नाव, सही, फोन. माझ्याकडे आली तेव्हा चुलीवर सूप होतं आणि मला डॉक्टरकडे जायची घाई होती. ओडेलबाई मला आवडत नव्हती. भाषणात ओरडायची आणि आकडे चुकवायची. मी एरवी कुणालाही तोंडावर नाही म्हणते, गावात त्यासाठीच प्रसिद्ध आहे. पण अर्डिसच्या मनगटावर हॉस्पिटलचा प्लास्टिकचा पट्टा अजून तसाच होता. मी सही केली आणि तिला वाटीभर सूप दिलं. अशा सह्या तिला चौदा मिळाल्या. आमच्याकडे आजारी माणसाला नाही म्हणायची पद्धतच नाही. मागाहून हवं ते करावं, पण तोंडावर होच म्हणावं.

जाण्याआधी चार दिवस तिनं कार्डांचं पाकीट व्हर्लिनला दिलं आणि सांगितलं, तेवढी एक संध्याकाळ माझ्या जागी उभा राहा. तो काय म्हणाला असेल ते मी लिहायला नको.

त्यानंतरचे तीन महिने तो कसा होता असं कुणी विचारलं, तर मला सांगता येणार नाही. कामावर जात होता. अंत्यविधीनंतर लोकांनी पोचवलेली कॅसरोलची भांडी धुऊन, तळाला चिकटपट्टीवर लिहिलेलं नाव बघून, तो ज्याची त्याला परत करत फिरला. दार उघडलं की भांडं पुढं करायचा. "हे तुझं." आत ये म्हटलं तर ट्रककडे बोट दाखवायचा. ट्रकचं इंजिन चालूच असायचं.

फेब्रुवारीतला पहिला सोमवार. बाहेर उणे अठरा. कॉकसमध्ये, म्हणजे पक्षाचा उमेदवार निवडायच्या सभेत, मतपेटी नसते, पडदा नसतो. संध्याकाळी सात वाजता शाळेच्या व्यायामशाळेत जायचं आणि आपापल्या उमेदवाराच्या कोपऱ्यात शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या डोळ्यांदेखत उभं राहायचं. जमलेल्यांपैकी शंभरात पंधरा तरी ज्या कोपऱ्यात नसतील तो कोपरा मोडतो. मग त्यांनी दुसरीकडे जायचं, नाहीतर घरी. केंद्राची अध्यक्ष मी होते, सलग सहाव्यांदा, कारण दुसरं कुणी होत नाही.

मोजणी केली, एकसष्ट माणसं. शंभरी पंधरानं नऊ आणि वर थोडंसं. नियमानं ते थोडंसं वरच मोजायचं. म्हणजे दहा.

ओडेलबाईच्या कोपऱ्यात सहा जण होते. व्हर्लिन, आणि चौदा कार्डवाल्यांतले पाच. दोघं हिवाळ्यासाठी ॲरिझोनाला गेले होते. उरलेले सात त्याच व्यायामशाळेत होते, दुसऱ्या कोपऱ्यांत, बुटांकडे बघत. त्या सातांत मी होते, अध्यक्षाच्या टेबलामागे.

सगळ्यात मोठा कोपरा उमेदवारांतल्या सिनेटरसाहेबांचा, आणि त्याचा म्होरक्या गेलन. तो तिथूनच ओरडला, "व्हर्लिन, लेका, इकडं ये. तू माझा ट्रक चालवतोस हे तुझ्या त्या ओडेलबाईला कळलं ना, तर तीच हाकलेल तुला!"

लोक हसले. डोरिस नेलवीन, वय अठ्ठ्याऐंशी, ओडेलच्या कोपऱ्यात घडीच्या खुर्चीवर बसली होती. तिनं काठी आपटली. "हाकलायला तिनं इथं यायला तर हवं. जत्रेनंतर तोंड दाखवलंय का भवानीनं?"

"तू कुणाच्या बाजूनं आहेस गं, डोरिसआजी?" गेलननं विचारलं.

"मी पाण्याच्या बाजूनं आहे. तू गप बस. तुझ्या बारशाला केक मी केला होता."

प्रत्येक कोपऱ्याच्या म्होरक्याला एक मिनिट बोलता येतं. गेलन दोन मिनिटं बोलला, मी घड्याळ दाखवून थांबवला. मग व्हर्लिन पुढं आला. खिशातून एक कागद काढला, लांब धरला, जवळ धरला.

"अर्डिसनं लिहून ठेवलं होतं," तो म्हणाला. "चष्मा ट्रकमध्ये राहिला." कागद घडी करून परत ठेवला. "मला ती बाई फारशी पटत नाही. अर्डिसला पटायची. आमच्या विहिरीचं पाणी आम्ही सहा वर्षं पीत नाही. एवढं खरं आहे."

मग मिनिट संपायची वाट बघत तो तसाच उभा राहिला. मीच म्हटलं, "बस, व्हर्लिन."

आता अर्धा तास जागा बदलायला. आणखी एक उमेदवार कुठलासा माजी महापौर होता, त्याच्या कोपऱ्यात चारच माणसं होती, तो मोडला. त्यातला एक गेलनकडे गेला. तिघं आपसात कुजबुजले, आणि कोट उचलून ओडेलच्या कोपऱ्यात जाऊन उभे राहिले. नऊ.

आणखी एक हवा होता, आणि एकवीस मिनिटं शिल्लक होती.

चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारी लव्हॉन भिंतीवरचे बास्केटबॉलचे जुने फोटो बघायला लागली. डीन हॅटलस्टॅड, ज्याची तिन्ही मुलं अर्डिसनं जेवू घातली, बाथरूमला गेला तो आलाच नाही. व्हर्लिनच्या खिशात पाकीट होतं. ते काढून त्यानं नुसती नावं वाचली असती तरी पुरलं असतं. पण हात खिशाबाहेर काढायचं त्याच्या मनात नव्हतं, किंवा मनात काहीच नव्हतं. तो बास्केटबॉलच्या रेषेवर, दोन्ही बूट नेमके रेषेला लावून, उभा होता.

डोरिसला राहवलं नाही. "एकच पाहिजे! मरणाऱ्या बाईला सही देताना हात नाही दुखले, आता पाय दुखतात होय?"

"डोरिस, असू दे," व्हर्लिन म्हणाला.

"का असू दे? तुझ्या खिशात आहेत ना नावं? काढ बाहेर!"

"असू दे."

अध्यक्षानं जागा सोडू नये असं मी स्वतःला सांगितलं. तसा काही नियम नाही. अध्यक्षालाही एक मत असतं आणि पायही असतात. नियमांचं पुस्तक माझ्यासमोरच होतं, मी ते उघडलं नाही. अकरा पावलांचं अंतर होतं. मी घड्याळाकडे बघत बसले, आणि वेळ झाल्यावर उठून, वर्गात निकाल वाचायचे त्याच आवाजात वाचून दाखवलं: ओडेल, नऊ. कोपरा मोडला.

आठ जण पांगले. डोरिसला तिच्या खुर्चीसकट दुसरीकडे नेऊन बसवलं. व्हर्लिन कुठेच गेला नाही. रेषेवरून निघून दाराशी जाऊन थांबला.

आटोपल्यावर लोक कोट चढवून दाराकडे गेले तेव्हा त्यानं पाकीट काढलं. लव्हॉन आली, तिच्या हातात तिचं कार्ड दिलं. "हे तुझं."

"अरे... असू दे ना तुझ्याकडे," लव्हॉन म्हणाली. चेहरा लालभडक.

"तुझं आहे."

एकेकाला तसंच. डीनलाही. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, निदान कुणीतरी भांडलं असतं. गेलन जाता जाता त्याच्या खांद्यावर थाप मारून म्हणाला, "उद्या साडेपाच," आणि तो म्हणाला, "बरं."

मी खुर्च्या घडी करत होते. तो आला, दोन खुर्च्या उचलून ठेवल्या आणि माझं कार्ड पुढं केलं. "बाई, हे तुमचं."

मी घेतलं. मागच्या बाजूला अर्डिसचं बारीक पेन्सिलीचं अक्षर होतं: '४. घाईत होती. सूप छान.'

"हे आकडे काय आहेत?" त्यानं विचारलं. "सगळ्यांवर आहेत. लव्हॉनवर चार. डीनवर पाच. मला वाटलं घराचे नंबर असतील, पण जुळेनात."

मला ते आकडे चांगले माहीत होते. प्रचाराला दारोदार फिरणारा प्रत्येक माणूस ते लिहितो, मीही लिहिले आहेत. खोटं बोलायचा विचार आला. पण त्या संध्याकाळी तेवढं पुरे झालं होतं.

"एक म्हणजे नक्की येणार," मी म्हटलं. "पाच म्हणजे मेला तरी येणार नाही."

"डीननं सही केली होती."

"केली होती."

"आणि चार?"

"चार म्हणजे मी."

त्यानं आणखी एक खुर्ची उचलून ठेवली. "म्हणजे तिला माहीत होतं."

"तुझ्या-माझ्यापेक्षा चांगलं."

मला वाटलं आता काहीतरी होईल. बसेल, रडेल, मला चार शब्द सुनावेल. मी तयार होते. त्यानं पाकिटात बोटं घातली आणि अजून एक कार्ड काढलं. त्यावर सही नव्हती. नाव अर्डिसनंच लिहिलेलं होतं: व्हर्लिन स्कारशॉग.

"हे मला कालच दिसलं. तिनं मला कधी विचारलंच नाही. सही कर म्हणालीच नाही. मागं बघा."

मागं पाच लिहून खोडलेलं होतं. त्याच्या शेजारी, वेगळ्या पेन्सिलीनं आणि थरथरत्या हातानं, दोन.

"दोन म्हणजे?"

"बहुतेक येईल."

"बहुतेक," तो म्हणाला. कार्ड उलटं करून त्यानं स्वतःचं नाव पुन्हा वाचलं. "मी आलो ना, बाई."

"आलास."

माझ्या टेबलावरची पेन्सिल त्यानं उचलली, टोक बघितलं, कार्ड पालटून तो दोनचा आकडा बघितला, आणि पेन्सिल परत ठेवून दिली. मग कार्ड शर्टाच्या खिशात घातलं, बटण लावलं आणि विचारलं, उरलेल्या खुर्च्या कुठे ठेवायच्या.