अख्खे उतरवलेले पत्रे

सातपूरच्या वस्तीत सहादू मिस्त्रीचं घर लोक भिंतींवरून ओळखत. लोखंडी अँगलचा सांगाडा आणि त्याला चारही बाजूंनी उभे लावलेले सिमेंटचे पत्रे. कारखान्यांच्या शेड उभारणारा हा फिटर एकोणनव्वद साली दर रविवारी स्वतःच्या घरावर राबला आणि सात महिन्यांत घर उभं केलं. दोन पत्रे एकमेकांवर चढतात तिथे कोपरा तिरका कापावा लागतो. बाकीचे फिटर तो पकडीने कसाही तोडायचे. सहादू लाकडी साचा ठेवून करवतीने कापायचा. ठेकेदार म्हणायचा, "मिस्त्री, वर कोण बघायला येणार आहे?" सहादू म्हणायचा, "पाऊस."

कापायचं बरंचसं काम त्याचा धाकटा भाऊ सोमा करी. संध्याकाळी सोमाच्या भुवया पांढऱ्या झालेल्या असत. त्यावरून सगळे हसत. पंचवीस वर्षांनी सोमाला चार पायऱ्या चढवेनात. डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडात धरला आणि आजाराच्या आधी कामाचं विचारलं. सिमेंटच्या पत्र्यात अ‍ॅस्बेस्टॉस असतं, त्याची धूळ फुप्फुसात बसली की निघत नाही, हे सहादूला तेव्हा कळलं. सोमा पाच महिने अंथरुणाला होता. त्या पाच महिन्यांत रोज दुपारी डबा घेऊन यायचा तो किशोर. एकोणिसाव्या वर्षी सहादूच्या हाताखाली लागलेला, पाना कसा धरायचा इथपासून शिकलेला. पुढे तो स्वतः ठेकेदार झाला, तरी सहादूसमोर खुर्चीवर बसत नसे.

म्हणून घराच्या भिंती बदलायचं ठरलं, तेव्हा सहादूने दुसऱ्या कोणाला विचारलंच नाही.

"एक पत्रा फुटता कामा नये," त्याने सांगितलं. "हातोडा नाही, कटर नाही. आधी पाणी मारायचं, मग बोल्ट सोडायचा. गंजला असेल तर तेल घालून थांबायचं. पत्रे प्लास्टिकमध्ये गुंडाळायचे आणि कारखान्यांचा घातक कचरा नेतात त्या गाडीत द्यायचे."

"मिस्त्री, मला सांगता?" किशोर म्हणाला. "सोमाकाकांना खांदा दिलाय मी."

काम तीन दिवस चाललं. सहादू समोरच्या ओट्यावर बसून होता. किशोरने पाठीवरच्या पंपाने पाणी मारलं, तोंडाला फडकं बांधलं, एकेक बोल्ट हाताने सोडवला. चौतीस पत्रे उतरले, चौतीसही अख्खे. सहादूने आयुष्यात कोणाला शाबासकी दिली नव्हती. त्या दिवशी तो म्हणाला, "जमलं." पत्रे किशोरच्या टेम्पोत चढले. गाडीवाल्यांची पावती आणून देतो, असं किशोर म्हणाला. सहादूने ती नंतर मागितली नाही. आपल्या माणसाकडे पावती काय मागायची!

नवे रंगीत पत्रे लागले. सहादूची बायको वत्सलाबाई रस्त्यावर जाऊन बघून आल्या. "छान दिसतं," म्हणाल्या. "आता बाहेर फक्त 'माल तयार आहे' अशी पाटी लावा."

दोन महिन्यांनी निफाडकडे एका नातेवाइकाचा साखरपुडा होता. पुतण्या दिनेश मोटारसायकल चालवत होता, सहादू मागे. द्राक्षबागांमधल्या रस्त्यावर सहादूने त्याच्या खांद्यावर जोरात हात मारला.

"थांब."

बागेच्या कडेला मजुरांसाठी चार खोल्या नव्याने उभ्या होत्या. पत्र्यांना निळा चुना होता, वत्सलाबाई दर दिवाळीला देत तोच. सहादू जवळ गेला. कोपऱ्यावरून अंगठा फिरवला. साचा ठेवून कापलेला कोपरा.

दारात एक बाई चूल सारवत होती. कुसाबाई, पेठकडची, छाटणीच्या कामाला आलेली. म्हातारा माणूस भिंत न्याहाळतोय म्हटल्यावर ती कौतुकाने बोलायला लागली. "आता बरंय बाबा. आदी नुसतं गोणपाट व्हतं. आत लय अंधार व्हता, तर मालकानं ही खिडकी पाडली कुऱ्हाडीनं."

खिडकी म्हणजे दातेरी भोक होतं. खाली चुरा पडलेला, आणि त्यावरून झाडू फिरल्याच्या रेघा. आत साडीच्या झोळीत तान्हं मूल झोपलं होतं.

साखरपुड्यात सहादूने जेवण पानातच ठेवलं.

दुसऱ्या दिवशी तो अंबडला किशोरच्या वर्कशॉपवर गेला.

"या मिस्त्री! चहा सांगू?"

"निफाडला जाऊन आलो."

"कोणाकडे?"

"माझ्याच घराकडे."

किशोरने हातातला पाना टेबलावर ठेवला. म्हणाला, "फुटके असते तर गाडीतच दिले असते. अख्खा पत्रा टाकवेना मला. अख्खा माल कधी टाकायचा नाही, हे तुम्हीच शिकवलं."

"सोमा गेल्यावर काय शिकवलं?"

"अहो, गोणपाटाच्या आडोशाला राहत होती ती माणसं. बागवाला माझं गिऱ्हाईक, तो म्हणाला, द्या. एक रुपया घेतला नाही मी."

"पुण्य केलंस."

"तसं नाही मिस्त्री. नुसता उभा पत्रा काय करतो? फोडला तरच त्रास."

"मग तुझ्या घराला लाव."

"आं?"

"वरच्या मजल्यावर खोली काढतोयस ना? चार पत्रे परत आण, तिथे लाव. नुसता उभाच तर राहणार आहे."

"माझ्याकडे लहान पोरं आहेत, मिस्त्री," किशोर बोलून गेला. आणि मग खाली बघायला लागला.

सहादू उठला. पायऱ्या उतरताना त्याच्या मनात एकच गोष्ट घोळत होती. ओट्यावर बसून तीन दिवस ज्या कामाला तो मनातल्या मनात दाद देत होता, ती काळजी कोणासाठी होती? एकही पत्रा फुटला नाही, म्हणून तर ते दुसऱ्याच्या भिंतीला लागले. फोडले असते, तर कोणी उचलले नसते.

"सीझन संपला की काढून घेतो!" किशोर मागून ओरडला. सहादूने ऐकलं. विश्वास ठेवला नाही.

तो पुन्हा बागेत गेला, तेव्हा सोबत पाना, ओलं पोतं, जाड पिशवी आणि ऑइल पेंटचा डबा होता. मालक बाहेरगावी होता. सहादूने कुसाबाईला सगळं सांगितलं, सोमाचंही. तिने नीट ऐकून घेतलं.

"काडा म्हंता. मंग लेकरू कुडं ठिवू? रानात?"

पाना पिशवीतच राहिला. मालक आला की त्याच्या दारात बसायचं, नवे पत्रे लागेपर्यंत हलायचं नाही, एवढं सहादूने ठरवलं. तोवर जे हाताने होईल ते. मुलाला झाडाखाली न्यायला लावलं. चुरा भिजवून पोत्याने टिपला, पिशवीत भरला, तोंड बांधलं. मग धूळ सुटू नये म्हणून खिडकीच्या फुटक्या कडेवर जाड रंग चढवायला घेतला.

कुसाबाई लांबून बघत होती. "पन किशोरशेट म्हनला व्हता, लय चांगल्या मिस्त्रीचा माल हाय. पन्नास वरीस काय व्हनार नाय."

"नाव सांगितलं का त्या मिस्त्रीचं?"

"नाय बा."

"सहादू," तो म्हणाला. "मीच तो." आणि त्याने ब्रश पुन्हा रंगात बुडवला.