मासींच्या पायरीवरची साय

आमच्या सोसायटीतल्या मांजरीला पहाटे पावणेपाचला बोंब मारायची सवय मी लावली. सगळ्यांनी त्याचा आळ तळमजल्यावरच्या मासींवर घेतला, आणि मी तो घेऊ दिला.

मी गोरव्याच्या एका कारखान्यात लेथवर काम करतो. पहिली पाळी असली की साडेचारला उठून स्वतःचा चहा स्वतः करतो. त्या वेळी एक काळी-पांढरी मांजर स्वयंपाकघराच्या खिडकीत येऊन बसायची आणि माझ्याकडे अशी बघायची, जणू मी तिच्या माहेरचा माणूस. एकदा तिला चमचाभर साय दिली. दुसऱ्या दिवशी दोन चमचे. साय बायको तुपासाठी साठवते. तिने विचारलंच, "पातेलं असं बोडकं का दिसतंय?"

"हल्ली पिशवीचं दूधच पातळ येतं," मी म्हणालो.

तिने दूधवाल्याला असं फैलावर घेतलं, की तो बिचारा जिना चढेनासा झाला. पिशवी गेटवर ठेवून पळायचा.

आता खिडकीत धोका होता. म्हणून मी बशी खाली नेऊ लागलो. मासींच्या पायरीवर ठेवायची, मांजरीने चाटून झाली की उचलून आणायची. त्या वेळी मला ही मोठी हुशारी वाटली होती.

मग माझी दुसरी पाळी लागली. पाळी माझी बदलली, मांजरीची नाही. पावणेपाचला ती मासींच्या दारात हजर. आधी हळू आवाजात, मग कुणी तान्हं मूल टाकून गेल्यासारखी. मध्येच तीन मजले धावत वर जायची, तशीच खाली यायची, जाळीच्या दाराला लटकायची आणि रिकामी पायरी चाटत बसायची. तिसऱ्या पहाटे मला राहवेना. चोरपावलांनी जाऊन तिला साय देऊन आलो, म्हणजे गप्प बसेल. दुसऱ्या दिवशी ती दुप्पट ओरडली.

संध्याकाळी गेटजवळच्या बाकावर सगळे जमतात. माझ्या सुट्टीच्या दिवशी सेक्रेटरींनी तिथेच विषय काढला.

"मासी, तुम्ही तिला लाडावून ठेवलंय."

मासी गुजराती, पण जन्म मराठी शेजारात गेलेला. म्हणाल्या, "देवाचे सोगंद, भाई, मी एक थेंब नाही दिला."

"मग तुमच्याच दारात का रडते? आमच्या दाराला काय काटे आहेत?"

सगळे हसले. माझी बायकोही हसली. मी चपलेचा पट्टा नीट करत राहिलो. त्या दिवसापासून मासी बाकावर येईनाशा झाल्या.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी दुपारी त्याच आमच्या दारात उभ्या राहिल्या. "तिला काही दुखत असेल, भाई. डॉक्टरकडे नेऊ या?" मांजर झाकणाच्या टोपलीत, टोपली मासींच्या मांडीवर आणि मासी माझ्या स्कूटरवर, अशी आमची वरात पाणीगेटला जनावरांच्या डॉक्टरांकडे निघाली.

डॉक्टरांनी तिचं पोट दाबलं, दात पाहिले.

"ठणठणीत आहे. उजाडायच्या आधी मांजर शिकारीसाठी जागी होतेच, ते तिच्या रक्तात आहे. पण ही शिकार करत नाही, ऑर्डर देते. पहाटे कुणीतरी खायला घालतंय. ओरडलं की मिळतं हे ती शिकली आहे. आता रात्री पोटभर द्या आणि पहाटे कितीही ओरडली तरी उठू नका."

"मी नाही देत," मासी म्हणाल्या.

"सगळे असंच म्हणतात, मासी," डॉक्टर हसले.

परतताना सिग्नलला थांबलो तेव्हा मागून आवाज आला, "भाई, तुमचा तरी माझ्यावर विश्वास आहे ना?"

"शंभर टक्के," मी म्हणालो. ते अगदी खरं होतं. सोसायटीत त्यांच्यावर पूर्ण विश्वास ठेवू शकेल असा मी एकटाच माणूस होतो.

"बस, एक जण तर आहे," त्या म्हणाल्या आणि टोपलीवर हात फिरवत राहिल्या. सिग्नल सुटला तरी मला गिअर टाकायचं सुचेना.

संध्याकाळी घरी येऊन बायकोला सायीसकट सगळं सांगितलं. ती काय काय म्हणाली ते इथे लिहीत नाही. शेवटी एवढंच म्हणाली, "माझ्याकडे काय बघत बसलात? खाली जा."

मी मासींची बेल वाजवली आणि त्यांना बाकापर्यंत घेऊन गेलो. त्या "नको, नको" म्हणत होत्या. सेक्रेटरी होते, वरच्या मजल्यावरच्या बायका होत्या. मी बसलो नाही. दोन्ही हात जोडले.

"मासी, तुमच्या पायरीवर साय मी ठेवत होतो. हे सगळे तुम्हाला बोलत होते तेव्हाही मला ठाऊक होतं, आणि मी गप्प राहिलो. चूक माझी आहे, मांजरीचीही नाही. मला माफ करा."