मामाच्या डोंगरावरची चाकोरी

डोंगरावर जीप चढवायची वाट मी दाखवली. पुढं पुष्कळ जण तिथं आले, काहींच्या गाड्या माझ्या गाडीपेक्षा दुप्पट वजनाच्या होत्या. पण पहिली चाकं माझी होती.

मी कारेगावात राहतो आणि रांजणगावच्या एका कंपनीत मेंटेनन्सला आहे. आठवडाभर मशीनच्या आवाजात काढल्यावर रविवारी मला घरात बसवत नाही. काही वर्षांपूर्वी सणसवाडीच्या एका गॅरेजवाल्याकडून मी जुनी फोर-बाय-फोर जीप घेतली आणि तीन महिने खपून स्वतःच्या हातानं ती उभी केली. कंपनीतल्या दोघा मित्रांकडे तसल्याच गाड्या होत्या. रविवारी सकाळी आम्ही घोड नदीच्या पात्रात गाड्या घालायचो, रुतवायचो, दोर लावून काढायचो आणि जेवायला घरी यायचो. पुढं वाळूचोरांची धरपकड सुरू झाली. पात्रात गाडी दिसली की पोलीस अडवू लागले.

"चढ पायजे यार, खरा चढ," एक मित्र म्हणाला.

"चढ हाय," मी म्हणालो. "माझ्या मामाच्या गावाला."

मामाचं गाव वरवंडहून आत, डोंगराच्या पायथ्याला. डोंगर वनखात्याचा. लहानपणी मी सुट्टीत जायचो तेव्हा तो उघडाबोडका होता. पावसाचं पाणी यायचं तसं धावत निघून जायचं आणि होळीनंतर गावच्या विहिरीत बादली खरवडायची. मग वनखात्यानं आणि गावानं मिळून डोंगरावर चर खणले. उताराला आडवे, गुडघाभर खोल, एकाखाली एक, पायथ्यापासून माथ्यापर्यंत. निघालेली माती खालच्या अंगाला रचून बांध घातलेला. धावणारं पाणी चरात थांबायचं आणि तिथंच मुरायचं. मामा-मामी दोघंही त्या कामावर होते. मामीच्या तळहातांना फोड आले होते आणि ती पदराचं टोक गुंडाळून कुदळ धरायची. मीही एक दिवस श्रमदानाला गेलो होतो. चर का खणतात, ते मामानं मला ओंजळीनं पाणी ओतून दाखवलं होतं.

हे सगळं मी मुद्दाम सांगतोय. मला ठाऊक नव्हतं असं कोणी म्हणू नये.

काही वर्षांत डोंगरावर गवत धरलं. बोरी, हिवर, खैर वाढले. खालच्या पाझर तलावात चैत्रापर्यंत पाणी राहू लागलं आणि त्याखालची विहीर आटायची थांबली.

त्या रविवारी आम्ही न्हावऱ्यावरून चौफुल्याला आलो आणि गावात न शिरता डोंगराच्या मागच्या अंगानं गेलो. मित्रांना मी सांगितलं की इकडून चढ चांगला आहे. खरं म्हणजे मामाचं घर पुढच्या अंगाला आहे.

पहिला चर आडवा आला तेव्हा तिघंही खाली उतरलो. चाक आत गेलं असतं तर गाडी कलंडली असती. मित्र म्हणाला, "परत फिरू." माझ्या गाडीत फावडं होतं. मी बांधाची माती ओढून चरात लोटली, चाकाच्या रुंदीचे दोन पट्टे भरले आणि गाडी वर काढली. मित्रांनी टाळ्या वाजवल्या. दुसरा चर, तिसरा चर. माथ्यावर पोहोचलो तेव्हा सोलापूर रोडवरच्या गाड्या मुंग्यांसारख्या दिसत होत्या आणि मला इतका आनंद झाला होता की मी ओरडलो. मोबाइलवर सगळी वाट नोंदवली होती. घरी जाऊन ती इंटरनेटवरच्या आमच्या जीपवाल्यांच्या ग्रुपवर टाकली आणि खाली लिहिलं, 'सरळ चढ, गर्दी नाही.'

पुढच्या रविवारी सहा गाड्या आल्या. मग पुण्याच्या कुठल्याशा ग्रुपच्या. मग मोटारसायकली, त्या तर कुठूनही चढायच्या. दिवाळीपासून शिमग्यापर्यंत मी पाचसहा वेळा गेलो असेन. शेवटी गेलो तेव्हा मी भरलेल्या दोन पट्ट्यांची गाडीएवढी रुंद चाकोरी झाली होती. गवत नाही, नुसती भुसभुशीत माती आणि सुटे दगड, थेट पायथ्यापर्यंत. ते पाहून मी तिथं जायचं बंद केलं. कोणाला काही बोललो मात्र नाही.

भाद्रपदात एका दुपारी शिफ्टवर असताना मामाचा फोन आला. "लई पाऊस झाला रं. डोंगराचं पानी समदं एकदम खाली आलं. जमलं तर ये."

मोटारसायकलवर निघालो. पोचलो तेव्हा पाऊस थांबला होता. डोंगरावर वरपासून खालपर्यंत एक लाल घळ पडली होती आणि ती कुठून कुठं जाते ते मला बघावं लागलं नाही. चाकोरीनं पाणी एका चरातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात फोडत आणलं होतं. पाझर तलावात गाळ भरला होता. विहिरीच्या कठड्यापाशी मामी रिकामी कळशी घेऊन उभी होती. आत नुसता रेंदा होता.

पायथ्याला एका धनगर कुटुंबाचं घर आहे. ते आता शेतीच करतात, पण थोडी मेंढरं राखून आहेत. घरच्या म्हाताऱ्याला सगळं गाव आप्पा म्हणतं. मेंढ्या दिवसभर रानात चरायला जातात आणि लहान कोकरं घरापाशी जाळीच्या कुंपणात ठेवतात. दुपारी लोंढा आला तेव्हा आप्पा मेंढरांमागं होते. घरी त्यांची म्हातारी एकटी. तिनं चार कोकरं उचलून ओट्यावर टाकली. बाकीची जाळीत अडकून गेली.

मी तिथं असतानाच मेंढ्या रानातून परतल्या. प्रत्येक मेंढी त्या चार कोकरांपाशी यायची, वास घ्यायची आणि ओरडत पुढं जायची. आप्पांची म्हातारी ओट्यावर बसून होती, तिच्या लुगड्याला गुडघ्यापर्यंत चिखल. मला म्हणाली, "पाव्हणं, च्या घेता का?" मी नको म्हणालो आणि जाळी सोडवू लागलो.

त्यानंतरच्या आठवड्यात गावात सभा झाली. वनखात्याच्या गार्ड मॅडम आल्या होत्या, तिशीच्या आतल्या, बूट चिखलानं भरलेले. त्यांनी सांगितलं की डोंगरावरच्या सगळ्या गाडीवाटा बंद होणार. तोंडाशी खंदक, आत दगडाचे बांध, वर काटे, आणि यापुढं गाडी दिसली तर गुन्हा. मग कोणीतरी विचारलं, ही गाड्यावाली माणसं आणली कोणी?

मी मामाच्या शेजारी मांडी घालून बसलो होतो. मामाचा हात माझ्या खांद्यावर पडला. "आमचा भाचा कंपनीत हाय," मामा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "त्याला गाड्यातलं कळतंय. मॅडम, त्याला दावा की फोटू."

मॅडमनी मोबाइल पुढं केला. चिखल वाळून घट्ट झालेला टायरचा ठसा होता. माझा नव्हता, पण कोणाचा ते मी ओळखलं. त्या मित्राबरोबर मी रोज कॅन्टीनला जेवतो.

"मोठ्या गाडीचा टायर आहे," मी म्हणालो. "पुण्याकडचे असतील."

"तरी म्हनलंच," कोणीतरी म्हणालं. पुण्याच्या पोरांना चार शिव्या पडल्या. मी म्हणालो की वाट बुजवायला दर रविवारी येईन. सरपंच म्हणाले, "असा भाचा पायजे." मामा नुसता मान हलवत होता, खूश होऊन. ते खूश असणं मला आजही सोसत नाही.

काम सुरू झालं. चाकोरीत दर दहा-पंधरा पावलांवर दगड आडवे रचायचे, म्हणजे पाण्याचा जोर मोडतो. फुटलेले बांध परत घालायचे, वर बाभळीच्या फांद्या टाकायच्या, गवताचं बी पेरायचं. मी सगळ्यांच्या आधी पोचायचो आणि शेवटी निघायचो. घरी बायको म्हणाली, "एवढं काय लागून गेलंय तुम्हाला?" तिलाही सांगितलं नाही.

तिसऱ्या रविवारी मी आणि आप्पा एकाच बांधावर होतो. मी दगड आणून द्यायचो, ते बसवायचे. दुपारी त्यांनी फडकं सोडलं आणि अर्धी भाकरी ठेच्यासकट माझ्या हातावर ठेवली. मी खाली बघत खात होतो.

"मला राग येत न्हाई त्या गाडीवाल्यांचा," आप्पा म्हणाले. "त्यान्ला काय ठावं, पानी कुठनं कुठं जातंय ते? शहरात वाढल्याली पोरं. नळ सोडला की पानी. कुनी सांगितलंच नसंल त्यान्ला."

सभेत शिव्या दिल्या तेव्हा मी गप्प बसू शकलो, पण हे ऐकून बसता येईना.

"आप्पा," मी म्हणालो, "मला सांगितलं होतं."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं.

"पहिली गाडी माझी. पहिला बांध मी फोडला, फावड्यानं. पुढच्यांना वाट मीच पाठवली. मला सगळं ठाऊक होतं."

आप्पांनी हातातली भाकरी फडक्यात ठेवली. मग विचारलं, "मामाला बोललास?"

"नाही."

"आदी त्याला सांग. माजी कोकरं गेली, ती काय आता येत न्हाईत. पर त्यो गावात तुजं नाव घिऊन फिरतोय. रोज फिरतोय."

ते उठले आणि दुसऱ्या बांधावर जाऊन एकटेच दगड रचू लागले. भाकरी तिथंच राहिली.

मामा गोठ्यात वैरण टाकत होता. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. वैरण टाकून झाल्यावर हात झटकत म्हणाला, "तू त्या दिशी माज्या शेजारी बसला व्हतास."

"व्हय."

"माजा हात तुज्या खांद्यावर व्हता."

पायात वहाणा घालून तो सरपंचांकडं गेला. मला ये म्हणाला नाही, पण मी मागोमाग गेलो. तिथं मामा म्हणाला, "सभेत मी बोललो ते खोटं निघालं. वाट आमच्याच मानसानं दावली." 'आमच्याच' हा शब्द त्यानं तसाच उच्चारला, जोर न देता. सरपंचांनी माझ्याकडं पाहायचं टाळलं. सरपंचांच्या सुनेनं आतून पाणी आणलं. मामीनं गोठ्यातलं माझं बोलणं घरातून ऐकलं होतं, पण ती बाहेर आलीच नव्हती. तिनं त्या दिवशी मला जेवायला थांब म्हटलं नाही, आजवर पहिल्यांदाच.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी गार्ड मॅडमच्या ऑफिसात जाऊन लिहून दिलं. केस झाली, जीप जमा झाली. दंड भरून ती सुटली तेव्हा मी ती मोडीत काढली. मॅडम रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "ती वाट इंटरनेटवरून काढा." मी काढली. पण तोवर ती किती जणांनी उतरवून घेतली होती, कोण जाणे. बंद केल्यानंतरही मोटारसायकली येत राहिल्या. खंदकाला वळसा घालून चढायच्या. म्हणून दोन महिने रविवारी मी तोंडाशी उभा राहायचो आणि येणाऱ्यांना परत पाठवायचो. एकदा माझा कॅन्टीनचा मित्रच पाहुणे घेऊन आला.

"बंद आहे," मी म्हणालो.

"कधीपासून?" तो हसला. "लोकेशन तर तूच टाकलं होतंस."

पाहुण्यांसमोर मी त्याला पायथ्याचं घर दाखवलं आणि तिथं काय झालं ते सांगितलं. तो गाडी वळवून गेला. आता आम्ही वेगवेगळ्या टेबलांवर जेवतो.

कोकरांची भरपाई मी देऊ केली, ती आप्पांनी घेतली. न घेण्यासारखं त्यात काही नव्हतं. विहिरीतला गाळ गावानं उन्हाळ्यात काढला, मीही उतरलो होतो. खालच्या निम्म्या डोंगरावर पवन्या गवत परत धरलंय. वरच्या अंगाला मात्र माती उरलेली नाही, खडक उघडा पडलाय. तिथं आमच्या हयातीत काही उगवेल असं मॅडमना वाटत नाही.

मामा बोलतो माझ्याशी. सणाला बोलावतो, पोरांची चौकशी करतो. पण त्या दिवसापासून मला 'तुम्ही' म्हणतो. "या, बसा. कंपनी काय म्हणतीय तुमची?" पन्नास वर्षांच्या भाच्याला मान दिला असं लोकांना वाटतं. एकदा मी म्हणालो, "मामा, मला अरेतुरे करा की." तो म्हणाला, "बसा, च्या सांगतो," आणि आत गेला.

गेल्या पावसाळ्यात एका जोरदार सरीनंतर आप्पांनी मला निरोप धाडला. वरचा तिसरा बांध वाहून गेला होता. मी पोचलो तेव्हा मामा तिथं आधीच होता, पटका बांधून, पहार घेऊन. तिघांनी मिळून दगड परत गोळा केले. संध्याकाळपर्यंत बांध अर्धा झाला. आप्पा म्हणाले, "तळाचा दगुड हालतोय, समदं काडा." आम्ही सगळं काढलं आणि खालून पुन्हा सुरुवात केली.