दिवाळीत पाण्याखाली असलेली टेकडी

भाऊबीज आटपून कुहीहून प्रतापनगरला घरी परतलो, तर आई पिशवी रिकामी करायची सोडून पुन्हा भरायलाच बसली! ऐंशीच्या दशकातली गोष्ट. तिचं गाव पेंचच्या धरणात गेलं, तेव्हापासून मामा कुहीजवळ राहायचा.

"झाली न भाऊबीज?" मी वैतागून म्हटलं.

"भाऊ कुहीले हाय वं. माहेर कुठं हाय?"

गावामागची टेकडी म्हणे आता बेट होऊन वर राहिली होती. तिथल्या गावदेवीपुढं, मातामायपुढं, दर दिवाळीला माहेरवाशिणींनी दिवा लावायची रीत. आईचा दिवा दहा वर्षं राहून गेला होता. तेवढ्यासाठी जीव झुरत होता तिचा.

दुसऱ्या दिवशी सकाळची एसटी धरली. कामठी, कन्हान, पारशिवनी. भाडं परवडलं, पण रस्त्यानं हाडं खिळखिळी केली. पारशिवनीच्या स्टँडवर मी तर्रीत बुडवून दोन आलूबोंडे हाणले. आईनं सकाळपासून चहाचा घोटही घेतला नव्हता. "माहेरी जाऊन खाईन," एवढंच म्हणाली. पुढं बैलबंडी मिळाली.

आणि मग ते पाणी! अहाहा! सागाच्या डोंगरांत शिरलेलं निळंशार पाणी, मधेमधे हिरवीगार बेटं. मी खुळ्यासारखी बघतच राहिले. आई मात्र एकेक बेट निरखत होती. "हे नाही. हे बी नाही."

काठावर दशरथ नावाचा मासोळ्या धरणारा भेटला. गावाचं नाव ऐकून त्यानं हातातलं जाळं खाली ठेवलं.

"मावशी, दिवाळीले काहून आल्या? आता तं धरण तुडुंब हाय. तुमची टेकडी मे महिन्यात पाण्याभाईर निघते."

"माहेराले दिवाळीलेच जातेत न गा. उन्हात कोण जाते?"

आईचं तोंड एवढंसं झालं. मला माझाच राग आला. एवढी शिकलेली मी, पावसाळ्यानंतर धरण भरलेलं असतं एवढंही सुचू नये?

"चला, जागा तरी दाखवतो," म्हणत दशरथनं डोंगा काढला. दोन बेटांच्या मधे थांबून त्यानं बांबू सरळ खाली सोडला. ठक्!

"गोटा हाय. कंबरभर पाणी. हेच तुमच्या टेकडीचं डोक्सं."

आईनं पदर खोचला.

"आई, येडी झालीस का!" मी ओरडले, पण ती उतरलीसुद्धा. दशरथनं तिचा दंड घट्ट धरला. चहूकडे अथांग पाणी आणि मधे माझी आई उभी.

"लागलं वं," ती म्हणाली, "पायाले लागलं!" आणि धाय मोकलून रडली. मीही रडले, लपवू कशाला?

मी दिवा लावून तिच्या हातात दिला. तिनं तो तिथंच पाण्यावर सोडला. मग ओल्या लुगड्यानिशी डोंग्यात येऊन बसली नि म्हणाली, "दे आता चिवडा. भूक लागली."

दशरथनं चिवडा घेतला, पैसे घेतले नाहीत. "माहेरवाशिणीचे पैसे कोण घेते?"

पुढच्या मे महिन्यात मी म्हटलं, चल, आता टेकडी कोरडी असेल. "उन्हात?" म्हणून तिनं मलाच वेड्यात काढलं. आता तिला जाऊनही बरीच वर्षं झाली. तिची फार आठवण येते.

तुम्हाला जास्तीत जास्त बेटं आणि ती टेकडी बघायची असेल, तर मे महिन्यात जा. टोपी आणि भरपूर पाणी न्या. मी मात्र दिवाळीतच जाते. डोंग्याची कड धरून पाण्यात उतरते, आणि पाय टेकडीला लागेपर्यंत काही खात नाही.